आधी विमा, मग सोयरीक

पिशोरचा मुंजाबा औरंगाबादेत विम्याचा एजंट होता. स्वतःला तो आर्थिक सल्लागार म्हणवून घेई. पाहुणेरावळे त्याला काहीच म्हणत नसत, तो दिसला की मागच्या दारानं बाहेर पडत. वाळूजला नवनव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, लोकांच्या हाती पगार खुळखुळत होता. पण भविष्याची तरतूद म्हटलं की ज्याला त्याला एसटी गाठायची असे.

धंद्याला नवं वळण दिलं ते गंगापूरच्या आप्पासाहेबांनी. त्यांच्या लेकीला वाळूजचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा पर्मनंट आहे की ठेकेदाराकडचा, वय खरं किती, छातीत काही दुखणं तर नाही ना, हे पाहुण्यांना तोंडावर विचारणं रीतीला धरून नव्हतं. मुंजाबानं तोड काढली.

"त्याला विमा उतरवाया लावा. पहिला हप्ता तुमी भरा. डाक्टर तपासंल, कंपनी दाखला देईल. मंजूर झाला तर बार उडवा."

मुलगा नामंजूर झाला. आप्पासाहेबांनी मुंजाबाला भरजरी फेटा बांधला.

मग काय, सिल्लोडपासून कन्नडपर्यंतचे लेकींचे बाप रांगेत उभे राहिले. चिडून मुलाकडच्यांनी मुलींचे विमे उतरवायला सुरुवात केली. सासूबाई अजून किती वर्षं काढतील, याचाही अंदाज मुलीकडचे मागू लागले. तो सल्ला मुंजाबा खासगीत देई. पत्रिका जुळवणाऱ्या जोशीबुवांनी पोटासाठी एजन्सी घेतली. लग्नं घटली, विमे वाढले. विमा कंपनीच्या साहेबांनी खूश होऊन 'आर्थिक सल्लागारांसाठी पर्यायी कारकीर्द' या विषयावर मुंजाबाचं भाषण ठेवलं.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे. मोर्चे निघत, बंद पुकारले जात, माणसं जिवानिशी गेली होती. मुंजाबा ज्याच्या घरी चहा पिई त्याच्या बाजूचा असे, कारण सल्लागाराला स्वतःचं मत परवडत नाही. घरी मात्र तो लेकीला, पुतळाला, सांगायचा की आपण फक्त माणूस बघावा, त्याची तब्येत आणि नोकरी बघावी, बाकी सगळं खूळ. पुतळानं ते खरं धरलं. तिची चूक एवढीच.

ती वाळूजला पॅकिंगमध्ये कामाला होती. एके दिवशी तिनं सरळ सांगितलं, की तिथला त्रिंबक तिला पसंत आहे आणि लग्न करीन तर त्याच्याशीच. मुंजाबा जराही रागावला नाही. आडनाव गल्लोगल्ली सापडणारं होतं, तिथून काही कळण्यासारखं नव्हतं. रिवाजाप्रमाणे त्यानं त्रिंबकाला तपासणीला धाडलं.

असा निकाल त्यानं उभ्या धंद्यात पाहिला नव्हता. नोकरी पक्की, छाती ठणठणीत, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. साहेब म्हणाले, हा माणूस शंभरी गाठणार. पुतळा त्या दिवशी घरभर गुणगुणत होती.

त्रिंबकाला चहाला बोलावलं. पुतळाच्या आईनं, वच्छलाबाईंनी, आतून पोह्यांची बशी जावयाला द्यावी तशी दिली. मुंजाबानं पगार विचारला नाही, वय विचारलं नाही. ते सगळं झालंच होतं.

"गाव कोणतं म्हणलात?"

"सिल्लोडच्या अलीकडं."

"बरं. गावात घर कोणत्या अंगाला?"

पुतळानं कपबशी खाली ठेवली. "दादा, तुमच्या तपासणीत ह्ये नव्हतं."

"सगळी तपासणी झाल्यावरच ह्ये इचारतेत, बाई."

त्रिंबकानं मान वर ठेवून सरळ उत्तर दिलं. मुंजाबा म्हणाला, "कळवतो." आपल्याकडं 'कळवतो' म्हणजे काय, ते पुतळाला ठाऊक होतं. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि मोठ्यानं रडली.

त्रिंबकाचं घर गावाच्या कोणत्या अंगाला होतं, हे इथं लिहिलेलं नाही. ते कळल्याशिवाय मुंजाबाचं बरोबर की चूक हे ठरवता येत नाही, असं आपल्याला वाटत असेल, तर आपली तपासणी इथंच पूर्ण झाली.