केशराच्या बाटलीची आणि उलट्या यादीची हकीकत

श्री जलदेवता प्रसन्न असो. तिच्यावाचून ना फेस, ना मुख. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमीपासून एका राज्यात जे वर्तले, ते येणेप्रमाणे.

राज्याच्या वारस राजकन्या इंदुराजे, वय वर्षे एकोणीस, यांचे मुख लाल जाहले आणि गालांची साल निघू लागली आणि हसू गेल्यास कातडे ताणून डोळां पाणी येऊ लागले. पौर्णिमेस उघड्या मुखाने प्रजेस दर्शन द्यावे, तरच गादी. न दिल्यास गादी काकांकडे जावी, ऐसा दंडक. दहा दिवस राहिले. मग राजे दालनात कोंडून बसल्या आणि रसशाळेच्या परीक्षक द्वारकाबाई, ज्यांनी राजांस लहानपणी बीजगणित शिकविले, त्यांस बोलावणे धाडिले. "मावशी, आरशावर फडकं टाकलंय. आता तोंडावर काय टाकू?" राजे वदल्या. "काही टाकू नका. तोंड कशानं धुता, ते दाखवा," बाई म्हणाल्या. तेव्हा तीन फेसवॉश पुढे आले: केशराचा, मोत्यांचा, गुलाबाचा; तिन्ही नरहरपंत प्रधानांनी पारखिलेले, आणि राजे सकाळ, दुपार, सायंकाळ पाळीपाळीने लावीत. मग बाईंनी चष्मा पुसला आणि तिन्ही बाटल्यांच्या पाठीवरचा बारीक लेख शेजारी शेजारी उतरून घेतला. तो प्रथम पाणी, दुसरे सोडियम लॉरिल सल्फेट नामे फेस करणारे द्रव्य, तिसरे मीठ, ऐसी अकरापर्यंत तिहींत एकच फौज. बारावे मात्र कोठे केशर, कोठे मोतीभस्म, कोठे गुलाब. जे अधिक ते आधी लिहावे, हा बाटल्यांचा कायदा. सबब केशर म्हणजे हंडाभर मालात एक काडी, आणि त्वचेचे तेल ओरबाडून नेणारा तो दुसरा.

मग बाई कागद घेऊन दरबारी गेल्या. परंतु त्या राज्याची रीत ऐसी की मिरवणुकीत आधी पाणी शिंपडणारे, मग झेंडेकरी, मग घोडेस्वार, आणि सर्वांमागे हत्तीवर धनी. जो शेवटी तो थोर. प्रधानांनी यादीही तैशीच वाचिली होती. "बाई, तुम्ही विद्वान, पण मिरवणूक कधी पाहिलीच नाही वाटतं!" प्रधान हसोन म्हणाले. "पाणी पुढं चालणारच, वाट शिंपायला. तो दुसरा, सोडियम का कोण, झेंडेकरी. आणि केशर बघा की, हत्तीवर!" बाई म्हणाल्या, "पंत, झेंडेकऱ्यानंच गाल सोललेत." दरबार खो खो हसला आणि चौथी बाटली, चंदनाची, मंजूर जाहली, कारण तिच्या यादीत एकतीस नावे, केवढी मिरवणूक! ती लाविताच राजांच्या पापण्या सुजल्या. "मावशी, पौर्णिमेला मी नाही येत. काकांनाच द्या गादी," ऐसे राजे भिंतीकडे तोंड करून बोलिल्या.

बाईंनी उभ्या जन्मात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. त्या रसशाळेत गेल्या आणि पुष्कळ पाणी, त्याहून कमी ग्लिसरीन आणि खोबरेल नि साखरेपासून काढिलेला थोडा सौम्य फेस, इतकेच एकत्र केले. आणि मग चिठ्ठीवर आधी फेस, मग ग्लिसरीन, आणि सर्वांखाली ठळक अक्षरांत पाणी, ऐसे उलटे लिहिले. प्रधानांनी ते वाचिले आणि उठोन उभे राहिले. "वा! पाणी हत्तीवर, आणि पुढं दोनच माणसं! असा साधेपणा थोरांनाच शोभतो." मंजूर.

त्रयोदशीस लाली उतरली. पौर्णिमेस राजे सज्ज्यावर आल्या आणि खालून एका म्हातारीने "पोरी, उन्हात किती वेळ उभी राहशील?" ऐसे ओरडताच मोकळ्या हसल्या, आणि गादी जाहली. प्रधानांस शोधाबद्दल शालजोडी मिळाली आणि त्यांनी हुकूम काढिला की येथून पुढे सर्व बाटल्यांवर द्वारकाबाईंच्या रीतीने, पाणी सर्वांखाली, ऐसे लिहावे. कारखानदार फार संतोष पावले. आठवड्यात केशराच्या बाटलीवर केशर पहिले आले, आणि ज्यांस वाचता येत होते तेही फसू लागले.

तेव्हा बाई इंदुराजांपुढे, आता राणीसाहेबांपुढे, गेल्या आणि म्हणाल्या, "ती चिठ्ठी मी मुद्दाम उलटी लिहिली होती. हुकूम मागं घ्यावा." राणीसाहेबांनी गालावरून हात फिरविला. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण आता काय सांगू लोकांना? खोट्या चिठ्ठीवर गादी मिळाली म्हणून? राहू दे हुकूम."

हे राणीसाहेबांचे पहिले राजकाज. मुख वाचले, यादी बुडाली. बाई पुन्हा रसशाळेत रुजू आहेत आणि कोणी विचारिल्यास नुसत्या पाण्याने तोंड धुवा म्हणतात. घडले तैसे लिहिले. या कागदातील क्रम सुलटा आहे.