सेलावांचून लिहिणारा कांटा

श्री. कान दिले त्यास ऐकूं यावें. शके १९४१, विकारी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी, ते समयीं एका राज्यांत आसनवाडी म्हणोन गांव, आणि गांवावरी डोंगर उभा. डोंगर खचेल ऐसें भय धरून सरकारांनीं गुणवंतीबाई साठम, इंजिनिअर, यांस रवाना केलें होतें. बाईंनीं डोंगरांत भोंक पाडून कंप ओळखणारा सेन्सर बसविला आणि तोंडाशीं डबींत ऑप-अँप म्हणोन मुगाएवढी चिप ठेविली. तिणें सेन्सराची कुजबुज मोठी करून तारेनें खालीं चौकींत धाडावी, आणि तेथें कांट्यानें कागदीं रेघ ओढावी. चिपेचा आहार ऐसा अल्प कीं एका सेलावर वर्षें काढील.

मग तीन दिवस रेघ कागदाच्या कांठास चिकटोन राहिली. बाईंनीं सेल उतरला ऐसें मानिलें, आणि यमाजी कोंडकर चौकीदार यांस भर दुपारीं वर धाडिलें. यमाजींनीं जुना सेल काढिला आणि नवा घालितां हातून निसटोन दरींत गेला.

खालीं कांटा थांबावा, तो थांबेना. बाईंनीं फोन केला, "काका, सेल घातलात काय?"

"नाहीं बाई. डबी रिकामी आहे."

"कांटा तर लिहितो आहे."

यमाजी बोलिले, "येथें एक पांखरूं ओरडत नाहीं."

"सेन्सराची तार उपटा." उपटली, आणि कांटा निजला. जोडिली, आणि उठला.

बाईंनीं ओळखिलें. सेन्सर हलला तर स्वतः वीज देतो, आणि चिप तेवढ्यावरही जगते. परंतु तेवढी वीज द्यावयास डोंगर आंतून अखंड थरथरला पाहिजे. तोच तिला भरवीत होता; रेघ कांठास चिकटली तीही कंप कागदांत मावेना म्हणोन. "काका, तैसेंच टाका आणि उतरा!"

मग बाई धांवत गांवांत आल्या. म्हादबा पाटील म्हणाले, "कोठें भेग नाहीं. कशावरून निघावें?"

"तीन दिवस डोंगर सांगत होता, पाटील, आणि मीं सेलास दोष दिला. चूक माझी. आतां तरी निघा."

पाटलांनीं आपल्या मातुश्रींस पाठीवर घेतलें. मग सारा गांव निघाला, यमाजीही येऊन मिळाले, आणि समोरील टेकाडीं पोंचतात तों डोंगर खचोन गांवावरी बसला. आसनवाडी दिसेनाशी झाली. कोणी रडलें नाहीं. तेव्हां मातुश्रींनीं पायांखालील मातीस तळहात लाविला आणि हळूच म्हणाल्या, "म्हादू, हेंही हलतें रे."

कशावरून ऐसें कोणी पुसलें नाहीं, सर्व उठोन चालूं लागले. दर कोसास मातुश्री मातीस हात टेकीत आणि नाहीं म्हणोन मान हालवीत. चवथे कोसीं म्हणाल्या, "येथली माती उगी आहे." तेथें गांव वसला. तीनशें अकरा माणसें वांचलीं. झालें तें ऐसें झालें.