नाताळच्या चौदाजणी

सीतारामच्या सुनेच्या मावसभावाने लोणावळ्यात कॅफे काढला आणि त्या कॅफेच्या एका भिंतीवर आठ खिळे ठोकले. सगळं सुरू झालं ते तिथून.

मावसभावाचं नाव सत्यम. नाताळाच्या आधी कॅफे उघडायचा आणि त्या भिंतीवर नाताळगाण्यांच्या जुन्या रेकॉर्डी टांगायच्या, असं त्याने ठरवलं होतं. तशा रेकॉर्डी त्याच्या माहितीत एकाच माणसाकडे होत्या, आणि तो माणूस वडिवळ्यात सुनेच्या, म्हणजे कोमलच्या, हातचा चहा पीत असे. कोमलने सासऱ्यापुढे विषय काढला तोही मोठ्या अदबीने. चौदा आहेत, सहा ठेवा, आठ द्या. फक्त आवडीप्रमाणे नंबर लावून यादी पाठवा, म्हणजे कुठल्या न्यायच्या ते सत्यमला कळेल. सुनेच्या माहेरच्या माणसाला नाही म्हटलं तर पुढचं वर्षभर चहा पाणचट मिळेल, एवढं सीतारामला समजत होतं. तो हो म्हणाला.

भाताची खाचरं कसणाऱ्या घरात असल्या रेकॉर्डी आल्या कशा, याला कारण सीतारामची नोकरी. एकतीस वर्षं तो तुंगार्लीच्या एका बंगल्यावर राखणदार होता. मालक परेरासाहेब मुंबईचे. ते वर्षातून एकदाच, नाताळाला यायचे, त्यामुळे बंगल्यात गाणी होती ती फक्त नाताळाची. लोणावळ्याच्या दमट हवेत रेकॉर्डींना बुरशी धरते, म्हणून प्रत्येक रेकॉर्ड आठवड्यातून एकदा वाजवायची, असा साहेबांचा हुकूम होता. सीतारामने तो एकतीस वर्षं पाळला. भर जुलैत, समोरचा रस्तासुद्धा धुक्यात दिसत नसताना, तो फरशी पुसत नाताळगाणी ऐकत असे. इंग्रजी येत नसल्यामुळे शब्दांची अडचण नव्हती, सगळं लक्ष आवाजाकडे. पुढे बंगला विकला गेला, तेव्हा साहेबांनी प्लेअरसकट सगळ्या रेकॉर्डी त्याला देऊन टाकल्या.

आता त्यांचे नंबर लावायचे म्हणजे दावणीच्या गाईंपैकी बाजारात कुठली न्यायची ते ठरवण्यासारखं होतं. सीताराम दोन दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत प्लेअर लावून बसला. पहिल्या तीन लगेच ठरल्या. पाचवी आणि सहावी यांच्यात त्याने तीनदा खाडाखोड केली. सहावीला वर घेतलं तेव्हा पाचवीचं वाईट वाटलं आणि तो जेवायला उशिरा उठला. रेकॉर्डींवरची नावं वाचता येत नव्हती, म्हणून त्याने खुणेची नावं घातली आणि पुढे शेरे मारले:

१. निळ्या शालीची. आवाज म्हणजे मध. कितीही ऐका, मन भरत नाही.
२. जाड आहे, पण वरच्या पट्टीत हलत नाही.
३. म्हातारी. खरखर फार, पण जुना कस आहे.

अशी ती यादी खाली उतरत गेली. सातवीपुढे लिहिलं होतं, ‘मधेच अडकते, तीच ओळ परत परत. टपली मारली की पुढे जाते.’ नववी ‘दिसायला एक नंबर, आवाजात काही नाही.’ अकरावी ‘उन्हात राहून वाकडी झाली.’ चौदावी ‘फुकट दिली तरी कोण नेईल?’ आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात: ‘१ ते ६ ठेवायच्या. बाकीच्या सत्यमने येऊन न्याव्यात.’

मराठीत रेकॉर्ड स्त्रीलिंगी आहे, यात सीतारामचा काहीच दोष नव्हता.

बुधवारी सकाळी त्याने पानाचा फोटो काढला. वर ‘नाताळच्या रेकॉर्डी’ असं लिहिलं होतं, त्यावर त्याचा अंगठा आला. घरात त्याचा आणि त्याच्या बायकोचा, चंपाचा, मिळून फोन एकच. त्यामुळे फोनमध्ये सत्यमच्या नावाच्या बरोबर वर ‘दत्तकृपा महिला भजनी मंडळ, वडिवळे’ हा ग्रुप बसलेला होता. सीतारामने चष्मा न लावता बोट दाबलं, फोटो गेल्याची खात्री केली आणि तो हरभऱ्याच्या रानाकडे निघून गेला.

भजनी मंडळात बारा बायका होत्या आणि रविवारी कामशेतला दत्तजयंतीची भजनस्पर्धा होती.

यादी सगळ्यात आधी पाहिली ती राजेश्वरीने. ती मंडळाची प्रमुख, पेटी वाजवायची, आणि थंडीत तिच्या अंगावर निळी शाल असायची. तिने पहिली ओळ वाचली, पुढची वाचायची तिला गरज वाटली नाही. खाली तिने हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्या चित्रामुळे यादीला मान्यता मिळाली, आणि मग बाकीच्या अकराजणी आपापला नंबर शोधायला लागल्या.

ज्याला शोधायचं असतं त्याला सापडतं. झुंबरबाई मंडळातल्या सर्वांत वयस्कर. त्यांनी सुनेकडून यादी वाचून घेतली, तिसरा नंबर ऐकून मान डोलावली, आणि खरखर ऐकून त्या दुपारपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. अंगणवाडीतली सारिका स्वतःच नववी ठरली. तिच्या नवऱ्याला शेऱ्याचा दुसरा अर्धा भाग पटला, पण पहिला अर्धा सीतारामने कधी आणि कुठून बघितला, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. बायका बारा आणि नंबर चौदा, हा हिशेबही जमला. गेल्या वर्षी मंडळ सोडून गेलेल्या दोघींचे ते दोन, असं ठरलं. त्यातली एक आता पवनानगरला होती. तिने तिथून फोन करून आपला नंबर विचारला. सत्यम कोण आणि तो आठजणींना कुठे नेणार आहे, याबद्दल मात्र गावात दोन मतं होती.

चंपाला आपला नंबर शोधावा लागला नाही. मागच्या स्पर्धेत ती अभंगाच्या मधल्या ओळीवर अडकली होती आणि शेजारच्या बाईने कोपर मारल्यावर पुढे गेली होती. सातवा नंबर तिचाच. दुपारी दोघीतिघी येऊन तिला हळूच विचारून गेल्या की सीतारामभाऊ घरी हात उचलतात का. चंपा नाही म्हणाली, पण रडत रडत म्हणाली, त्यामुळे कुणाला ते खरं वाटलं नाही. यादी रेकॉर्डींची आहे असं कोमल सांगत होती, पण सून सासऱ्याला सावरून घेणारच, असं म्हणून तेही कुणी मानलं नाही.

सीताराम रानातून आला तेव्हा भाकरी ताटात होती, पण वाढणारं कुणी नव्हतं. कोमल खाली मान घालून भांडी घासत होती. यादी सत्यमला पसंत पडली नसावी, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी झुंबरबाईंचे यजमान हौशीरामआबा आले. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते, आणि गावात तंटे फार नसल्यामुळे आलेला तंटा ते जपून हाताळत. ओट्यावर बसून त्यांनी आधी हरभऱ्याची चौकशी केली. मग विचारलं, "सीताराम, तुला बायांचं गाणं कवापासनं कळाया लागलं?"

"एकतीस वर्सं ऐकतोय की, आबा."

"कुटं?"

"बंगल्यावर. एक झाली की दुसरी लावायची. आठवड्यात चौदाच्या चौदा व्हायच्या."

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "परेरासाहेबाला ठावं व्हतं का हे?"

"त्यांचाच हुकूम व्हता."

आबा उठले. शुक्रवारी दुपारी दत्ताच्या देवळात बैठक आहे, एवढंच सांगून ते गेले. त्यांच्या चालण्यावरून वाटत होतं की हा तंटा समितीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

काय झालंय ते सीतारामला शेवटी कोमलने सांगितलं, तेही दाराआडून. त्याने चष्मा लावून फोन बघितला. चंपाला समजवायला तो स्वयंपाकघरात गेला. सातवी म्हणजे तू नव्हेस, एक गोरी बाई आहे, असं त्याने तिला सांगितलं. याने गोष्ट सोपी झाली नाही. मंडळाच्या तालमी तर बंदच पडल्या. बारापैकी एकही बाई दुसरीच्या शेजारी बसायला तयार नव्हती, आणि स्पर्धा चार दिवसांवर होती.

शुक्रवारी सीताराम प्लेअर डोक्यावर घेऊन देवळात आला. रेकॉर्डींची पिशवी कोमलने उचलली होती, कारण झाल्या प्रकारात आपल्या माहेरचाही हात आहे हे तिला कळत होतं. सभामंडपात एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. चंपा खांबाला टेकून, पाठ करून बसली होती. सीतारामने प्लेअर खाली ठेवून जोडला. त्याने पहिली रेकॉर्ड काढली आणि तिचं पाकीट वर धरलं. पाकिटावर निळी शाल घेतलेली एक परदेशी बाई होती. मग त्याने सुई टेकवली.

एकेक करत त्याने चौदाही वाजवल्या. दुसरी खरंच भाकरीसारखी जाड होती. तिसरी इतकी खरखरली की पुजाऱ्याला कुणीतरी कोंडा पाखडतंय असं वाटलं. सातवी मधेच अडकली आणि तीच ओळ म्हणत राहिली. सीतारामने प्लेअरवर टपली मारल्यावर ती पुढे सरकली, आणि चंपाने पहिल्यांदा मान वळवून पाहिलं. नववीचं पाकीट सारिकाच्या नवऱ्याने हातात घेऊन नीट तपासलं आणि परत द्यायला बराच वेळ लावला. अकरावी उन्हाने वाकडी झालेली, फिरताना होडीसारखी वरखाली होत होती. चौदावी दोन ओळींनंतर आबांनीच थांबवायला सांगितली.

"बास," ते म्हणाले. "कळलं सगळ्यांना. ही यादी रेकॉर्डींची हाय. आपल्या बायांचा हिच्याशी काई संबंध न्हाई."

सीतारामने कपाळावरचा घाम पुसला. पुरुष उठायलाही लागले होते. तेवढ्यात झुंबरबाई म्हणाल्या, "म्हंजे ह्या चौदाजणीत आमी कुटंच न्हाई?"

"न्हाई मावशी," सीताराम खुशीत म्हणाला. "एकबी न्हाई."

उठलेले पुरुष परत खाली बसले, तंटा मिटला नव्हता. पहिली उठली ती राजेश्वरी. तीन दिवस गावात ती एकटीच सीतारामची बाजू घेत होती. भाऊंना कान आहे, माणूस चोखंदळ आहे, असं दारोदार सांगत होती. आता तिचा पहिला नंबर एका परक्या बाईकडे गेला होता आणि तिला दुसरा, तिसरा, अगदी चौदावाही उरला नव्हता. ती म्हणाली, बारा वर्षं आम्ही या देवळात गातोय, भाऊ एकदाही ऐकायला बसले नाहीत. आणि या गोऱ्या बायकांची खरखर, वाकडेपणा, श्वास, सगळं यांना पाठ आहे. सारिकाने तिला दुजोरा दिला. कालपर्यंत एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बाराजणी एका सुरात बोलू लागल्या, आणि खरं तर त्या आठवड्यातली मंडळाची ती पहिली तालीम होती.

आबांनी निकाल दिला. सीतारामने शनिवारी तालमीला बसायचं, बाराही जणींचं गाणं ऐकायचं आणि नंबर लावायचे. नावानिशी, शेऱ्यासह. यादी बंद पाकिटात समितीकडे द्यायची आणि स्पर्धा झाल्यावर सोमवारी सकाळी देवळात वाचायची. त्यापेक्षा दंड करा, असं सीताराम म्हणाला. आबा म्हणाले, दंडाची तरतूद नाही.

शनिवारी तो वही घेऊन मंडपात बसला. नोकरीच्या एकतीस वर्षांत तो घरी यायचा महिन्यातून दोन दिवस. तो आला की चंपा चुलीपाशी असायची. ती मंडळात जाते हे त्याला ठाऊक होतं, जसं ती रेशनला जाते हे ठाऊक होतं. तिची पाळी आली तेव्हा तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या ओळीला तिने आवाज वर नेला आणि उतरताना एक छोटीशी मुरकी घेतली, अशी की सीतारामची पेन्सिल थांबली. असं वळण चौदाजणींत एकीकडेही नव्हतं. हे आपल्या घरात इतकी वर्षं होतं आणि आपण तुंगार्लीला फरशी पुसत होतो, या विचाराने त्याला थोडी लाज वाटली. मग कडव्याच्या शेवटाला तिचा श्वास तुटला. तेही त्याने लिहिलं. ऐकण्याच्या बाबतीत त्याला खोटं लिहिता येत नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी सत्यम रेकॉर्डी न्यायला आला. त्याने आठ पाकिटं घेतली, आतल्या तबकड्या काढून खाटेवर ठेवल्या आणि त्या तुम्हालाच राहू द्या म्हणाला. त्याला भिंतीवर लावायला नुसती चित्रं हवी होती, गाणी त्याच्या फोनमध्ये होती. नंबरबिंबर कशाला लावलेत, असंही त्याने विचारलं. सीतारामने तबकड्या नंबराप्रमाणे लावून ठेवल्या. चंपाने जुन्या लुगड्याच्या आठ पिशव्या शिवायला घेतल्या, तेवढ्यावरून तिचा राग थोडा उतरल्याचं दिसत होतं.

रविवारी कामशेतला मंडळ असं गायलं, की ऐकणारे सरसावून बसले. प्रत्येकीला वाटत होतं की सोमवारच्या पाकिटात अजून फेरफार होऊ शकतो. परीक्षकांनी त्यांना तिसरा नंबर दिला. परतताना जीपमध्ये बक्षिसाच्या ढालीकडे कुणी बघितलं नाही. परीक्षकांना कळतंय काय, खरा निकाल उद्या आहे, असं झुंबरबाई म्हणाल्या आणि सगळ्यांना ते पटलं.

घरी आल्यावर चंपाने सीतारामला जेवायला वाढलं. इंद्रायणी तांदळाचा गरम भात, वर वरण. ती समोर बसली आणि ताटाकडे बघत म्हणाली, "माझा नंबर सांगा."

सीतारामने घास तसाच धरला. पहिला म्हणावं, असं त्याच्या मनात आलं होतं. पण ती लगेच ओळखेल हेही त्याला माहीत होतं.

"चौथा," तो म्हणाला. "मुरकी तुझ्यासारखी कुणाची न्हाई. पर शेवटाला श्वास पुरत न्हाई तुला."

चंपाने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "म्हंजे ऐकलंत."

"ऐकलं की."

"आन पाचवी कोण?"

"राजेश्वरी."

चंपा उठली, फळीवरचा तुपाचा डबा काढला आणि त्याच्या भातावर न विचारता दोन चमचे तूप सोडलं.