आबांनी काढलेली माझी तोंडं

माझी मोटारसायकल चोरीला गेली, त्या दिवशी मी धावत शेजारच्या आबांकडे गेलो. वडीलधारा माणूस, सरकारी नोकरीत जन्म गेलेला; पोलिसांत काय लिहून द्यायचं ते सांगतील, असं वाटलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "हालू नको. तोंड तसंच ऱ्हाऊ दे."

मग चौकटींचा कागद ओढून ते माझं तोंड काढायला बसले. मोटारसायकल काही मिळाली नाही. तोंड मात्र अमेरिकेपर्यंत पोचलं.

आबा मूळचे पारोळ्याचे. जन्मभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले आणि निवृत्त होऊन जळगावात माझ्या शेजारी आले. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी संगणकाचा वर्ग चालवत होतो. म्हणजे तीन संगणक, एक पंखा आणि 'सर' म्हणवून घेण्याची हौस. एका संगणकावर इंटरनेट होतं. परदेशी गेलेल्या खान्देशी मंडळींनी तिथे गप्पांचा कट्टा थाटला होता आणि आबांची एकुलती एक लेक मंगल अमेरिकेतून त्यावर लिहायची. बायको, म्हणजे अक्का, वारल्यापासून आबा रोज संध्याकाळी येऊन तिचं लिहिलेलं माझ्याकडून वाचून घेत. एकदा म्हणाले, "ही नुसती अक्षरं शेतस. लिखणारनं तोंड कसं शे, ते कसं समजी?"

तिथून हे वेड सुरू झालं. नखाएवढं पिवळं गोल तोंड आबा कागदावर काढणार, मी चौकट चौकट मोजून संगणकावर रंग भरणार आणि कट्ट्यावरची मंडळी ते वाक्याच्या शेवटी डकवणार. एस.टी. चुकलेला, भरितातली मिरची लागलेला, व्याह्यानं टोपी न दिलेला. नमुना प्रत्येक वेळी मीच. डोळ्यांना आबा किंमत देत नसत. "डोयास्नं काय, दोन ठिपका. मानूस तोंडमा ऱ्हास," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. कट्ट्यावर कुणी विचारलं, हे तोंड कोणाचं, तर आबा सांगत, "लिख, सरनं." सरांचं, म्हणजे माझं; आणि ते टाइप मलाच करावं लागे.

हसरं तोंड मात्र त्यांनी माझ्यावरून कधी काढलं नाही. आरशासमोर सराव करून गेलो, तरी म्हणाले, "तुनं हासनं खोटं शे. तू रडकाच बरा."

फैजपूरला मुलगी पाहायला गेलो, तर दुबईहून सुटीवर आलेला तिचा भाऊ पोह्यांची बशी धरून माझ्याकडे बघतच राहिला. मग आत जाऊन मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "हा तर तो मिरची लागलेला." तरीही लग्न जमलं, यात माझं कर्तृत्व काही नाही, तिचं धाडस आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मंगलला बरीच वर्षं जमलं नव्हतं. "यंदा नक्की बघते," असं तिनं लिहिलं आणि आबांनी लगेच अंगणातल्या निंबाला नवा दोर बांधला. जाता-येता ओढून बघत. दोर टिकतो का, हे पाहायला मलाही झोक्यावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया हसत होत्या.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात मंगलचं उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, "आबा, रजा नाही मिळाली. येणं होत नाही. रागावलात का? तुमचं तोंड कसं झालंय, ते पाठवा."

मी आबांकडे पाहिलं आणि मग पाहवेना. त्यांनी कागद ओढला.

"आज हासरं काढनं शे," ते म्हणाले. "माले जमाव नही. तू हास."

मला फार वाईट वाटत होतं. तरी मी हसलो. खोटं आहे म्हणतील, म्हणून आणखी हसलो, तर डोळे भरून आले. पुसायला हात वर केला.

"हालू नको," आबा मान वर न करता म्हणाले. "दोन ठिपकाच काढना शेतस."

मी चौकट चौकट मोजून ते तोंड तयार केलं. पाठवण्याआधी सवयीनं विचारलं, "खाली कोणाचं लिहू?"

"आबानं लिख," ते म्हणाले.