अरुबाची शंभराची नोट

शेजारच्या बिलकिसच्या नातवाच्या अकिक्याला, म्हणजे बारशाच्या दावतीला, सगळ्यांत भारी आहेराचं पाकीट आपलंच असणार, हे ताहेरुन्निसाने आखातातल्या मुशेरिबमधल्या अख्ख्या बिल्डिंगला आधीच सांगून टाकलं होतं. तेलाच्या जहाजावरचा तिचा लेक रियाज सुट्टी संपवून जाताना शंभराची नोट हातावर ठेवून गेला होता. “अरुबा बेटाची आहे, अम्मा. डॉलरला बांधलेली, भाव पक्का.”

नोटा बदलायच्या दुकानात शशिकांतने चलनांची यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.

“मावशी, ही फ्लोरिन. आमच्याकडे चालत नाही.”

“का? डॉलरला बांधलीय ना?”

“बांधलीय, पण तिकडे. आधी अरुबाचं आणि शेजारच्या बेटांचं मिळून एकच चलन होतं, गिल्डर. यंदा, शहाऐंशीच्या जानेवारीत, अरुबा वेगळं झालं. पैशाचं नावपण नवं. बेटाबाहेर कोण घेतो?”

“माझी धाकटी सूनपण वेगळी झाली. तिच्या नोटा बाजारात चालतातच ना?”

शशिकांतने हात जोडले.

अकिका संध्याकाळीच होता आणि बढाई मारून झाली होती. ताहेरुन्निसाने माशाला मसाला लावता लावता नोट पाकिटात कोंबली. कोपऱ्यावर हळदीचा अंगठा उमटला.

“फॉरेनची आहे हो,” तिने बिलकिसला बजावलं. “मोडू नको. पोराच्या शिक्षणाला ठेव.”

पण ती मोडायला गेलीच तर? त्या धास्तीने ताहेरुन्निसा दोन महिने मागच्या जिन्याने ये-जा करत होती. नवल म्हणजे, पुढे बिलकिसच तिला बघून दार लावून घेऊ लागली.

डिसेंबरात रियाजच्या बायकोला, सिताराला, मुलगी झाली. तिच्या अकिक्याला वरच्या मजल्यावरच्या उस्मानने पाकीट दिलं. “फॉरेनची आहे, खाला. मोडू नका.”

ताहेरुन्निसाने उघडून पाहिलं. पिवळा अंगठा! शेजारी बिलकिसला सरबताचा ठसका लागला.

तिला स्वयंपाकघरात ओढून ताहेरुन्निसाने विचारलं, “उस्मानला तू दिलीस?”

“नाय आपा. मी खालच्या मजल्यावरच्या जहूरला दिली, त्याच्या दुकानाच्या ओपनिंगला. त्याने उस्मानला दिली असेल. पण मना तर तुमीच दिलीत!”

आधी बिलकिसचं पोट हसून हलायला लागलं, मग ताहेरुन्निसाचं.

“शशिकांत म्हणतो, बेटाबाहेर चालत नाय,” बिलकिस डोळे पुसत म्हणाली.

“चार घरं चालून आली की!” ताहेरुन्निसाने डाग पदराने घासून पाहिला. निघेना. “शुक्रवारी त्याच्याच लेकीचं बारसं आहे ना? नवं पाकीट काढ, यल्ला, चल लवकर. पाहुण्यांसमोर यादी उघडतो का बघू!”