दंताजीची सुगंधी नाडी

एका जंगलात एक रानडुक्कर राहत होता. त्याचं नाव दंताजी.

हो बाळांनो, गोष्ट रानडुकराचीच आहे. नाकं मुरडू नका. सिंह, ससे आणि कोल्हे माझ्याआधीच्या लोकांनी वापरून टाकले. माझ्या वाट्याला हाच उरला.

दंताजीला बायको होती. तिचं नाव पंकावती. पंक म्हणजे चिखल. तिच्या आईने फार हौसेने ठेवलं होतं ते नाव. दोघांना सात पिल्लं होती. पंकावतीला सातही नावं पाठ होती. दंताजी सगळ्यांना ‘ए, इकडे ये’ म्हणायचा. सातातलं कोणीतरी यायचंच.

रानडुकरांची नजर अधू असते. नाकाच्या टोकापलीकडचं सगळं धूसर. चष्मा सापडला नाही की माझंही तसंच होतं, आणि मग मी नणंदेला मोलकरीण समजून कपडे भिजत घालायला सांगते. पण रानडुकरांना देवाने नाक दिलंय. ती एकमेकांना वासावरून ओळखतात.

दंताजीचा वास साधा होता. ओढ्याकाठचा चिखल, कुजलेली उंबरं आणि थोडासा कालचा दंताजी. तो वास वाटेच्या वळणावर आला की पंकावती चहाचं आधण ठेवायची. वास दाराशी आला की कप भरलेला असायचा. दांडी तुटलेला कप. तो दंताजीचाच होता.

असं सगळं ठीक चाललं होतं. म्हणून तर गोष्ट सुरू करावी लागली.

दंताजी वनखात्यात कारकून होता. वनखातं म्हणजे जंगलातलं ऑफिस. रोज तो पांढरा लेंगा घालून तिथे जायचा.

रानडुक्कर लेंगा घालतो का? आपल्या गोष्टीत घालतो. मधे बोलायचं नाही.

एक दिवस ऑफिसात नवा साहेब आला. बिबट्या. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने नाकाला रुमाल लावला.

‘‘हा कसला वास?’’ साहेबाने विचारलं.

सगळ्यांनी फक्त दंताजीकडे बघितलं. माकडिणीने खिडकी उघडली. ऑफिसला भिंती नव्हत्या, तरी उघडली.

दंताजीला फार लागलं ते. चौदा वर्षं नोकरी केली, एक रजा वाया जाऊ दिली नाही, आणि शेवटी खिडकी!

ऑफिस सुटल्यावर तो तडक जवादीशेठच्या दुकानात गेला. जवादी हे एक मांजर असतं. त्याच्या अंगातून सुगंध निघतो. कुठून निघतो ते विचारू नका, अत्तर लावणं सोडाल. जवादीशेठचं अत्तरांचं दुकान होतं.

‘‘या, दंताजीराव! वहिनींसाठी का?’’

‘‘नाही. मला पाहिजे.’’ दंताजी हळूच म्हणाला. ‘‘पुरुषांचं आहे का काही?’’

‘‘वा! पुरुषांचं तर खास दालन आहे.’’

खास दालन म्हणजे एक फळी होती. बायकांच्या बाटल्यांवर मोगरा, केवडा, बकुळ अशी नावं होती. पुरुषांच्या बाटल्यांवर ‘वादळ’, ‘वणवा’, ‘दरड’ आणि ‘महापूर’. दंताजीला वाटलं आपण चुकून आपत्ती निवारण विभागात आलो.

‘‘हे ‘वणवा’ बघा,’’ शेठ म्हणाला. ‘‘एकदम मर्दानी.’’

‘‘वाघ हेच लावतो का?’’

‘‘वाघाला कशाला लागतंय, साहेब?’’

मग शेठने समजावून सांगितलं. चांगल्या अत्तरात तीन वास असतात. आधी वरचा वास येतो, तो लगेच उडतो. मग मधला येतो. सगळ्यात शेवटी उरतो तो बुडाचा वास.

‘‘बुडाचा वास माझ्याकडे आहे,’’ दंताजी म्हणाला. ‘‘तो घालवायलाच आलोय.’’

‘‘मग तुम्ही ‘दरड’ घ्या. वर लिंबू, मधे लवंग, खाली चंदन. बहात्तर तास हलत नाही.’’

‘‘बहात्तर?’’ दंताजीने डोळे मोठे केले. ‘‘आंघोळ केली तर?’’

‘‘करताय का?’’

‘‘नाही, उगाच विचारलं.’’

‘‘फक्त एक लक्षात ठेवा,’’ बाटली बांधून देताना शेठ म्हणाला. ‘‘अंगभर चोपडू नका. नाडीला लावा. एकच थेंब. नाडी गरम असते, त्यामुळे वास हळूहळू सुटतो.’’

आता शेठला म्हणायची होती मनगटावरची नाडी. ठक ठक उडते ती. वैद्य बघतात ती. पण दंताजी चार पायांचा प्राणी. त्याला मनगट कुठून माहीत असणार? त्याला आयुष्यात एकच नाडी ठाऊक होती. ती लेंग्यात होती.

गरम असते म्हणाले, ते त्याला पटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर त्याने झाडाआड जाऊन लेंग्याची नाडी बाहेर ओढली. एक थेंब टाकला. मग विचार केला, नाडी लांब आहे, एका थेंबाने काय होणार? आणि सगळी बाटली नाडीवर उपडी केली. मग नाडी पुन्हा आत ओवली आणि घट्ट गाठ मारली.

तो दिवस दंताजीच्या आयुष्यात सोन्यासारखा गेला. बिबट्यासाहेब उठून उभा राहिला, ‘‘या, बसा,’’ म्हणाला. माकडिणीने खिडकी लावून घेतली. हरणाने स्वतःहून त्याची फाईल उचलली. दंताजीने मानेला जरा ताठा दिला. रानडुकराला मान नसते, तरी दिला.

संध्याकाळी तो तरंगत घरी निघाला. वाटेच्या वळणावर आला. चहाच्या आधणाचा आवाज आला नाही. दाराशी आला. कप नाही.

‘‘कोण पाहिजे?’’ आतून पंकावतीने विचारलं.

‘‘अगं, मी!’’

‘‘मी म्हणजे कोण?’’

तुम्ही म्हणाल, आवाजावरून ओळखायला नको? बाळांनो, लग्नाला चौदा वर्षं झाली की नवऱ्याचा आवाज कानापर्यंत पोचत नाही. असं मला एका बाईने सांगितलं. ती बाई मीच.

‘‘अगं मी! मी म्हणजे… हे!’’ दंताजी म्हणाला.

‘‘हे घरी नाहीत.’’

‘‘तसं नाही. मीच हे!’’

‘‘असं कोणीही येऊन ‘मी हे’ म्हणेल,’’ पंकावती म्हणाली. ‘‘बरं, हे असाल तर सांगा, आमच्या शेंडेफळाचं नाव काय?’’

दंताजीने खूप आठवून बघितलं. घाम फुटला. घामाने लवंगेचा दरवळ आणखीच सुटला.

‘‘…ए?’’ तो म्हणाला.

‘‘बघा! ह्यांच्या ऑफिसातले दिसताय. हे येतीलच एवढ्यात. या, बसा ना.’’

आणि मग काय सांगू! पंकावतीने फडताळातले नक्षीचे कप काढले. साखर किती घालू म्हणून विचारलं. चौदा वर्षांत हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आला. कंदाचे पोहे आले, वर ओलं खोबरं. सातही पिल्लं ओळीने येऊन नमस्कार करून गेली. प्रत्येकाने आपलं नाव सांगितलं. शेंडेफळाचं नाव चिकूताई होतं. मुलगी होती ती.

दंताजी खुर्चीत सावरून बसला. पाहुणा म्हणून बसायचं तर पाहुण्यासारखं वागायला हवं. त्याने पाय वर घेतले नाहीत. ढेकर दिली नाही. पोहे फार छान झालेत म्हणाला. बशी स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवली.

पंकावती बघतच राहिली.

‘‘अहो, राहू दे, राहू दे! आमच्या ह्यांना मोरी कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही.’’

‘‘काय बोलता, वहिनी!’’ दंताजी म्हणाला. बायकोला वहिनी म्हणताना त्याला गंमत वाटली.

पण अंधारून आलं तशी पंकावतीची चुळबुळ सुरू झाली. ‘‘आज ह्यांना उशीर झाला,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचेही घरचे वाट बघत असतील.’’

दंताजी स्वतःच्या घरातून, स्वतःच्याच स्वागतासाठी बाहेर पडला.

त्याने ओढ्यात अंग घासलं. चिखलात लोळला. वाळूत घोळला. पण अत्तर अंगाला नव्हतंच, नाडीला होतं. आणि नाडी लेंग्यात होती, आणि लेंगा काढून ओढ्यात उतरावं इतका तो निर्लज्ज नव्हता.

असे तीन दिवस गेले. बहात्तर तास झाले. वास हलला नाही. रोज दंताजी पाहुणा म्हणून जायचा, रोज पोहे खायचा आणि दिवेलागणीला बाहेर पडायचा. तिसऱ्या दिवशी पोह्यांवर खोबरं होतं, पण मीठ नव्हतं.

‘‘माफ करा हं,’’ पंकावती म्हणाली. ‘‘लक्ष लागत नाही. हे तीन दिवस घरी आले नाहीत. न सांगता कधी जात नाहीत. सांगूनही जात नाहीत म्हणा, सांगायला बोलावं लागतं.’’

दंताजीने बशीतले पोहे चिवडले.

‘‘मी रोज त्या वळणापर्यंत जाऊन येते,’’ ती म्हणाली. ‘‘वारा हुंगते. चिकूताई तर झोपतच नाही. तिला ह्यांच्या पोटाला टेकल्याशिवाय झोप लागत नाही. पाहुणे हो, तुमच्या ऑफिसात कुठे वास आला का हो ह्यांचा?’’

दंताजीने पोह्यांचा एक घास तोंडात घातला. त्यात मीठ नव्हतं, तरी डोळ्यांत पाणी आलं.

त्याला एकदम कळलं, आता मला ऑफिस नको, खुर्ची नको. मला माझ्या घरी यायचंय.

तो तसाच धावत जवादीशेठकडे गेला.

‘‘शेठ, हे काढा! बायको ओळखत नाही. पोरगी झोपत नाही.’’

‘‘बहात्तर तासांत जायला हवा होता,’’ शेठने नाक फेंदारलं. ‘‘लावलं कुठे होतंत?’’

‘‘नाडीला.’’

‘‘बघू मनगट.’’

‘‘मनगट काय? नाडी!’’ म्हणून दंताजीने लेंग्यातून टोक ओढून दाखवलं.

शेठ हसता हसता फळीवरून खाली पडला. ‘‘अहो, कापडाला लावलंत तर महिनोन्महिने जाणार नाही! उपटा ती नाडी आणि फेका.’’

दंताजीने नाडी उपटली. पण फेकली नाही, पानात गुंडाळून डबीत ठेवली. का ठेवली ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो लेंगा एका हाताने धरून ओढ्याकडे पळाला. हात कुठून आला विचारू नका. चिखलात लोळला, उंबरांवर लोळला आणि लंगडत घरी निघाला.

वाटेच्या वळणावर पंकावती उभीच होती. तिचं नाक वर झालं. एकदा हललं. दोनदा हललं.

‘‘आलात?’’

एवढंच म्हणाली. पण ‘लात’ म्हणताना तिचा आवाज फुटला. चिकूताई येऊन त्याच्या पोटाला टेकली आणि उभ्या उभ्याच झोपली.

‘‘चिकूताई,’’ दंताजी म्हणाला. पंकावतीने चमकून बघितलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पंकावती पुढे बोलली.

‘‘तीन दिवस होतात कुठे? आणि हा लेंगा असा काय धरलाय? आणि हो, तुमच्या ऑफिसातले एक गृहस्थ येत होते हो. काय सज्जन! काय बोलणं! बशी स्वतः उचलून ठेवायचे. शिका जरा.’’

आयुष्यात पहिल्यांदा दंताजीला कोणाचा तरी हेवा वाटला, आणि तो माणूस तोच होता.

‘‘बोलवा की त्यांना मधूनमधून,’’ पंकावती म्हणाली.

तेव्हापासून दर गुरुवारी दंताजी ऑफिसातून निघताना डबी उघडतो, ती नाडी लेंग्यात ओवतो आणि स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून जातो. वहिनींची चौकशी करतो. पिल्लांचा अभ्यास घेतो. बशी उचलतो. बाहेर पडून, नाडी बदलून, चिखलात लोळून पुन्हा घरी येतो. मग पंकावती त्याला गुरुवारच्या पाहुण्याचं कौतुक ऐकवते. तो मान खाली घालून ऐकतो.

काही महिन्यांनी नाडीचा वास फिका पडू लागला. दंताजीच्या नाकाला ते कळलं नाही.

एक दिवस जवादीशेठच्या दुकानात एक बाई आली.

‘‘पुरुषांचं पाहिजे. ‘दरड’,’’ ती म्हणाली. ‘‘नाडीला लावायचं असतं ते.’’

शेठने निरखून बघितलं. ‘‘पंकावती वहिनी! म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘पहिले तीन दिवस खरंच नाही कळलं हो. फार रडले,’’ पंकावती म्हणाली. ‘‘मग त्यांनी चिकूताईला नावाने हाक मारली, तेव्हा कळलं.’’

‘‘मग मोठी बाटली देऊ? आता नवीन आलंय. वर्षभर टिकतं!’’

‘‘छे, छे!’’ पंकावती घाबरून म्हणाली. ‘‘वर्षभर काय करायचंय त्या पाहुण्याला? मला गुरुवारपुरतं द्या.’’

तात्पर्य : ‘पुरुषाने आपला अस्सल वास कधी लपवू नये,’ असं तुम्ही वहीत लिहिलं असेल. खोडा ते. जरूर लपवावा, आणि चांगलं लिंबू-लवंगेचं अत्तर लावून लपवावा. फक्त ते किती तास टिकतं याची चौकशी अत्तरवाल्याकडे करू नये. तेवढे तास आपला चांगुलपणा टिकेल का, ते आधी घरी विचारावं.