धडा सातवा : तक्रार हाताळणे

मुर्धा रस्त्यावरच्या 'चैत्रगंध हाइट्स' या सात मजली इमारतीला लिफ्ट होती, हे सर्व कागदपत्रांवरून सिद्ध होत होते. माहितीपुस्तिकेत तिचा रंगीत फोटो होता. करारनाम्यात ती एका वेळी किती माणसे वाहून नेईल, तो आकडा होता. प्रत्येक मजल्यावर तिच्यासाठी दाराएवढी जागा मोकळी सोडून त्यावर फळ्या ठोकलेल्या होत्या. लिफ्ट तेवढी नव्हती. परंतु मिठागराच्या सपाट जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीला जे लोक रोज 'हाइट्स' म्हणत, त्यांनी शब्दांना फार धरून बसायचे नाही असे आधीच ठरवले असावे.

सहाव्या मजल्यावर परशुराम आणि जिजाबाई राहत. परशुराम कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन, गुहागरकडची जमीन भावांना देऊन, त्यांनी इथे ब्लॉक घेतला. दोन हजार सहा साली ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशननंतर चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणले. डॉक्टरांनी सांगितले होते, रोज सपाट जमिनीवर चाला, जिना मात्र चढू-उतरू नका. दोन्ही सूचना एकदम पाळायच्या तर सहाव्या मजल्यावरून खाली जाणे शक्य नव्हते. त्यामुळे ते चौदा महिने खिडकीत बसून होते. एवढ्या उंचीवरून माणसांची फक्त डोकी दिसत. सोसायटीचे सेक्रेटरी आत्माराम यांना टक्कल पडू लागले आहे, हे त्यांच्या बायकोच्याही आधी परशुरामांना कळले.

जिजाबाई बिल्डरच्या ऑफिसात चार वेळा मराठी अर्ज देऊन आल्या होत्या. पाचव्या वेळी तिथल्या दिपेश नावाच्या कारकुनाने अर्ज हातातच घेतला नाही. दिपेश पस्तिशीचा, मूळचा रोह्याचा, स्वभावाने भला होता.

"काकी, मराठी अर्ज आता चालत नाय. सिस्टिम बदललीय." त्याने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवले. फ्रेममध्ये दर्जाचे एक प्रमाणपत्र होते. "तक्रार इंग्लिशमध्ये, ईमेलवर. मग अठ्ठेचाळीस तासांत गॅरंटी."

"लिफ्टची?"

"उत्तराची," दिपेश प्रामाणिकपणे म्हणाला.

जिजाबाई सातवी पास होत्या. भाईंदर स्टेशनजवळ एका गाळ्यावर 'ऑनलाइन बिझनेस इंग्लिश, बिगिनर्स बॅच' असा फलक होता. त्यांनी त्या आठवड्यातच नाव घातले.

क्लासात सहा कॉम्प्युटर होते, पैकी तीन चालू होत. शिकवायला संचिता नावाची मराठीत बी.ए. केलेली मुलगी होती. तिला इंग्रजी फारसे येत नव्हते, पण येण्याची गरजही नव्हती. सगळे धडे एका परदेशी वेबसाइटवर फुकट मिळत. पान उघडेपर्यंत थांबायचे आणि उघडल्यावर मोठ्याने वाचायचे, एवढेच तिचे काम होते. साइटवर उच्चारांसाठी आवाजही होता. तो ऐकायला लागणारे स्पीकर बिघडलेले असल्यामुळे उच्चार संचिताच करी.

दुसऱ्या दिवशी जिजाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर दिपेश येऊन बसला.

"तू रे इथं काय करतोयस?"

"शेठनं पाठवलंय. तक्रारी इंग्लिशमध्ये येणार म्हटल्यावर कुणाला तरी वाचता यायला नको का?"

अशा रीतीने तक्रारदार आणि प्रतिवादी एकाच कॉम्प्युटरसमोर शिकू लागले. साइट कुठल्यातरी थंड देशातली होती. धंद्याच्या पत्रात एकदम कामावर येणे हा उद्धटपणा असतो, आधी हवामानाची चौकशी करावी, असे तिचे म्हणणे होते. नमुन्यादाखल एक पत्र दिले होते. जिजाबाईंनी ते जसेच्या तसे उतरवून खाली लिफ्टचे एक वाक्य जोडले. मे महिन्याच्या मध्यावर बिल्डरला पहिली इंग्रजी तक्रार पोचली. बर्फवृष्टीमुळे आपली फार गैरसोय झाली नसेल अशी आशा तीत व्यक्त केलेली होती.

अठ्ठेचाळीस तासांच्या आत उत्तर आले. बर्फ आता वितळू लागल्याचे दिपेशने आभारपूर्वक कळवले होते. लिफ्टबाबतच्या आपल्या भावना आम्ही समजू शकतो, असेही त्यात होते.

जिजाबाईंनी त्याचा प्रिंट परशुरामांना दाखवला.

"काय म्हणतो तो?"

"दिलगीर आहे म्हणतो."

"मग?"

"मनापासून दिलगीर आहे."

परशुरामांनी कागद उलटा करून मागे काही लिहिले आहे का ते पाहिले. "हे चांगलं की वाईट?"

"टीचरनं दहापैकी आठ दिले त्याला," जिजाबाई म्हणाल्या.

सहावा धडा 'तक्रार करणे' आणि सातवा 'तक्रार हाताळणे' हा होता. दोघादोघांनी जोडीने सराव करायचा होता. सातव्या धड्यात तक्रार हाताळण्याच्या चार पायऱ्या होत्या : आभार माना, दिलगिरी व्यक्त करा, आश्वासन द्या, आणखी काही मदत हवी आहे का ते विचारा. संचिताने वाचता वाचता थांबून पान खाली सरकवले. तिला वाटले पाचवी पायरी पुढच्या पानावर असेल, काम करण्याची वगैरे. पण पान तिथेच संपत होते आणि खाली बुटांची जाहिरात होती.

"चारच आहेत," ती म्हणाली. मग सगळ्यांनी चार लिहून घेतल्या.

पत्रव्यवहार रंगत गेला. जिजाबाईंच्या तक्रारीतून बर्फ गेला, वाक्ये लांब झाली, 'तातडीने' या शब्दाला तीन निरनिराळे इंग्रजी शब्द आले. दिपेशची उत्तरेही सुधारली. 'लिफ्ट हा आमच्या अग्रक्रमाचा विषय आहे' हे त्याचे वाक्य इतके सफाईदार होते की आत्मारामांनी ते पत्र खालच्या नोटीस बोर्डावर लावले. येणारी-जाणारी माणसे थांबून वाचत आणि समाधानाने जिना चढत. याआधी बिल्डरकडून सोसायटीला एका ओळीचेही उत्तर आलेले नव्हते. आता आठवड्याला दोन येत होती. परिस्थिती झपाट्याने सुधारते आहे, असे सर्वांचे मत पडले.

ऑगस्टमध्ये आश्वासनाचे एक खास लांब पत्र आले. साइटच्या शिकवणीप्रमाणे जिजाबाईंनी त्याला एका ओळीत 'थँक यू' असे उत्तर पाठवले. दुसऱ्याच दिवशी कळले की ग्राहकाने आभार मानल्यामुळे तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली असून फाइल बंद करण्यात आली आहे.

त्या संध्याकाळी क्लासात जिजाबाई आल्या, बसल्या नाहीत. संचिता तेराव्या धड्याचे पान उघडण्याची वाट पाहत होती.

"दिपेश, उठ. माझ्याकडं बघ." त्या मराठीत बोलत होत्या आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांना शब्द शोधावे लागत नव्हते. "माझा नवरा चौदा महिने खिडकीत बसलाय. काल मला म्हणाला, जिजा, मी खाली कधी येणार ते तरी विचार त्यांना, नाहीतर मला एकदाच खाली आणायचं ते चार खांद्यांवरनं. मी अठरा पत्रं लिहिली. तू अठरा उत्तरं दिलीस. आता माझ्या तोंडावर सांग. लिफ्ट कधी येणार?"

दिपेश उभा राहिला. सवयीने त्याने आधी त्यांचे आभार मानण्यासाठी तोंड उघडले, मग मिटले.

"काकी, लिफ्ट मागवलेलीच नाय," तो म्हणाला. "येणारपण नाय. तुमच्या बिल्डिंगखाली ते मोबाइल रिचार्जचं दुकान आहे ना, ते लिफ्टच्याच जागेत आहे. शेठनं केव्हाच विकलं ते."

जिजाबाईंच्या डोळ्यांपुढे ते दुकान आले. त्याला छत नव्हते. गल्ल्यामागे बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सात मजले नुसता काळोख होता. सगळी इमारत तिथे रिचार्ज मारी आणि दुकान हवेशीर असल्याचे कौतुक करी.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? इंग्लिशमध्ये तुम्ही विचारायचात, 'स्टेटस काय?' मी स्टेटस सांगायचो." तो पुन्हा खुर्चीत बसला. "खरं सांगायला मला तेवढं इंग्लिश येत नाय, काकी."

जिजाबाईंनी रविवारी सोसायटीची सभा बोलवायला लावली आणि सगळे सांगितले. आत्मारामांनी शांतपणे ऐकून घेतले.

"लेखी आहे का?"

"माणूस समोर उभा राहून बोलला."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

सभेत हळहळ पसरली. आत्मारामांनी नोटीस बोर्डावरचे पत्र काढून आणले आणि वाचून दाखवले. एकीकडे बिल्डरच्या लेटरहेडवर शुद्ध इंग्रजीत लिफ्ट अग्रक्रमावर होती. दुसरीकडे एक कारकून मराठीत तोंडी काहीतरी बोलला होता. "उगाच अफवांवर गेलो तर चालू असलेला पत्रव्यवहारही बंद पडेल," ते म्हणाले. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दुकानाच्या मुद्द्यावर उठले होते. दुकान गेले तर रिचार्जला थेट भाईंदरपर्यंत जावे लागेल, हे लक्षात येताच ते बसले. पत्रव्यवहार अधिक जोमाने चालू ठेवावा, असा ठराव एकमताने संमत झाला. सोसायटीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराची जबाबदारी जिजाबाईंवर सोपवण्यात आली आणि त्यांचे अभिनंदन करण्यात आले.

त्या वर गेल्या. परशुराम खिडकीतच होते.

"आपण इथून जाऊ," त्या म्हणाल्या.

मुर्धा गावात अनसूया नावाच्या म्हाताऱ्या कोळणीच्या घरी तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. सुट्टीच्या दिवशी दिपेश क्लासातल्या तिघांना घेऊन आला. चौघांनी परशुरामांना खुर्चीत बसवले आणि एकेक मजला थांबत थांबत खाली उतरवले. गावातल्या अंगणात खुर्ची टेकली तेव्हा त्यांनी चप्पल काढली, पाऊल मातीवर ठेवले आणि काही वेळ तसेच राहिले. मग काठी मागून घेऊन ते कुंपणापर्यंत गेले आणि परत आले. जिजाबाई पदराआड तोंड करून उभ्या होत्या.

"बसा बाबा, घाय न्हाय," अनसूया म्हणाली. "हितं वारा चांगला हाय."

परशुरामांनी वर तिच्या तोंडाकडे पाहिले. चौदा महिन्यांनी त्यांना जमिनीवरच्या माणसाचा चेहरा समोरून दिसत होता.

राहता राहिला ब्लॉक. तो विकल्याशिवाय भागणार नव्हते. जिजाबाईंनी जाहिरात मराठीत लिहिली : सहावा मजला, लिफ्ट नाही. क्लासात तिचे इंग्रजी करताना चौदावा धडा आडवा आला. व्यवसायात 'नाही' हा शब्द वापरू नये. उणिवेचे वैशिष्ट्य करून मांडावे, असे त्यात होते. संचिताने मान हलवली. कोणी खोटे लिहिले नाही. शांत, वरचा मजला, भरपूर वारा; प्रत्येक मजल्यावर लिफ्टसाठी स्वतंत्र जागा. शेवटच्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ पाहायला आले. आपल्या वृद्ध आईला त्यांनी खाली रिचार्जच्या दुकानात स्टुलावर बसवले होते. तिचे गुडघे दुखत. ते सहा मजले चढून आले, दम खाल्ला, फरशी ठोकून पाहिली, पाण्याच्या वेळा विचारल्या, देवघराची दिशा तपासली. मग फळ्या ठोकलेल्या जागेसमोर थांबले.

"लिफ्टचं काय?"

जिजाबाईंनी सांगायचेच ठरवले होते. येताना वाटेत त्यांनी ते वाक्य मनाशी म्हणूनही पाहिले होते. तीनच शब्दांचे, मराठी वाक्य होते. त्यांना खालच्या स्टुलावरची म्हातारी आठवली. मग अंगणात काठी टेकत चालणारे परशुराम आठवले.

"वुई आर फॉलोइंग अप," त्या म्हणाल्या.

गृहस्थांचा चेहरा उजळला. बाई साध्या नऊवारीतल्या, पण उत्तर स्पष्ट आणि व्यावसायिक होते. "म्हणजे प्रोसेसमध्ये आहे," ते म्हणाले आणि टोकन देऊन गेले.

हे गृहस्थ अडाणी नव्हते. तुमच्याआमच्यासारखे वाचणारे होते. बिल्डर आणि कारकुनांवरची अशी एखादी गोष्ट हाती आली की घरात मोठ्याने वाचून दाखवत आणि पोट धरून हसत. फळ्यांमधल्या फटीला डोळा लावून खाली पाहिले असते, तर खाली स्टुलावर बसलेली आपली आई त्यांना थेट दिसली असती. पण उत्तर मिळाल्यावर आणखी पाहत बसणे बरे दिसत नाही. तुम्ही तरी अशा फटीतून शेवटचे कधी पाहिले होते?